सुनेनं न टाकलेला फासा

मी माझ्या सुनेला एकदा जाळलं. खेळात जाळलं, पण जाळलं. आमच्या भागात हे वाक्य कुणी हसत बोलत नाही, आणि मी तर इतकी वर्षं ते बोललेच नाही. आता लिहायला बसलेय तर आधी तेच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना ही बाई किती भली असं काही तुमच्या मनात यायला नको.

हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं घर कळंब्याच्या वाटेवर. पुढं तीन खोल्या, मागं परडं, परड्यात तांब्याचा बंब. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत लागलेला. पुण्याला हॉस्टेलवर असताना तो एक खेळ शिकून आला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, की समोर पडका किल्ला आहे, दारात दोन राक्षस आहेत, बोला आता काय करताय. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी मंत्र घालणारा. आपलं सोंग काय करतंय ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस तोंडांचा एक फासा ठरवायचा. नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स होती, वितभर जाड, सगळी इंग्रजीत.

हे गेल्यावर मी दिवसदिवस भिंतीला टेकून बसायची. तेव्हा मुलानं मला ओढून टेबलाशी बसवलं. तोच गोष्ट सांगायचा, म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. खेळायला तिघं. मी, माझी सून, आणि मुलाचा एक दोस्त. हा दोस्त सीमेकडचा, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. मला तो अव्वा म्हणायचा, कानडीत आई. तो लढवय्या झाला होता. मी काय होऊ म्हणून मुलानं विचारलं तर मी म्हटलं, मला आग दे बाबा. चाळीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकली, डोळे गेले धुरानं. मला बिनधुराची आग दे.

अशी मी आगवाली झाले. मंत्र म्हटला की बोटाच्या टोकावर ज्योत. पुढच्या पायरीला हातातनं जाळाचा फवारा. त्याच्या पुढं जाळाची भिंत. काय सांगू तुम्हाला, मी सातवी शिकलेली बाई, पण ती विद्या मला अशी चढली की स्वयंपाक करतानाही मी मनात कुणाला तरी भाजत असायची. आणि आगीतलं मला कळायचं, बरं का. एकदा उसाचा फड पेटवायचा होता आणि मुलगा म्हणाला आग दहा पावलं जाईल. मी म्हटलं, अरे, पाचटाची आग कधी बघितलीस का, ती वाऱ्याबरोबर धावते, ती काय दहा पावलं मोजत बसती? त्यानं ऐकलं. सगळा फड जळला, राक्षसासकट. दोस्त म्हणाला, अव्वा, तुम्हाला बघून बंबसुद्धा घाबरत असंल.

पण ती विद्या मला दिली कुणी, तर सुनेनं. इंग्रजी मला येत नाही आणि मुलाला वेळ नाही. सून बिद्रीकडची, वडील तिथं कारखान्यात कारकून. पोरगी बीएस्सी झालेली. तिनं शंभर पानी वही घेतली आणि आगीचा एकेक मंत्र तिच्या त्या गोल, सरळ अक्षरात मराठीत उतरवून दिला. दुपारी भांडी झाली की बसायची लिहीत. अडलं की मला विचारायची, आई, याला वणवा म्हणू का भडका? वहीवर तिनं कुंकवाचं बोटसुद्धा लावलं होतं.

आता तिचं सोंग सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. ती चोर झाली होती. कुलपं उघडणारी, भिंतीवर पालीसारखी चढणारी, तोंडानं फाटकी. घरात ही पोरगी आवाज चढवून बोलायची नाही. आमच्या घरची पद्धत होती, माझ्या सासूनं मला लावलेली आणि मी तिला लावलेली, की नव्या सुनेनं विचारल्याशिवाय काही करायचं नाही. मीठ घालू का, आई? गॅस बंद करू का, आई? बसू का? मी हो म्हणायचे, पण लगेच नाही म्हणायचे. थोडं थांबायचे. ती पळी हातात धरून उभी राहायची आणि मला ते बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

टेबलाशी मात्र ती चोर असायची. तिथं ती राजाला अरे म्हणायची, राक्षसाच्या मिशा उपटायची, आणि माझ्या आगवालीला म्हणायची, सर की म्हातारे, वाट अडवून बसलीस. सगळे हसायचे. मीही हसायची. पहिल्यांदा खरंच हसले. पुढं पुढं नुसतं तोंड हसायचं. आठवड्यातनं एक दिवस, तीन-चार तास, ही पोरगी मान वर करून बोलायची, आणि तिला हवं होतं ते एवढंच. ती एकदा मला म्हणालीही होती, लसूण सोलताना, की आई, मला त्या दिवसाची वाट बघायला लई आवडतं. मी म्हटलं, सोल लवकर.

खेळात दोन-तीन गोष्टी आम्ही आमच्या पदरच्या घातल्या होत्या. दोस्त फासा हातात घोळवत बसायचा म्हणून मुलानं ठरवलं, मास्तरनं पाच म्हणेपर्यंत फासा पडला पाहिजे, नाहीतर तो गेला. मी सगळ्यांच्या मधे बोलायची म्हणून दुसरा नियम, एकाच्या फाशावर दुसऱ्यानं बोलायचं नाही. आणि तिसरी दोस्ताची टूम. प्रत्येकाच्या सोंगाची सगळी माहिती एका कागदावर लिहिलेली असायची; ज्याचं सोंग मेलं त्याचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घालायचा. त्याचा पहिला लढवय्या दलदलीत बुडाला, तेव्हा सकाळी कामावर जायच्या आधी मुद्दाम वाट वाकडी करून तो आमच्या परड्यात आला, कानडीत चार ओळी रडला आणि कागद बंबात टाकला. त्या पाण्यानं मी अंघोळ केली. आम्ही आठवडाभर हसत होतो.

तर त्या दिवशी विहीणबाई आल्या होत्या. सुनेची आई. बिद्रीहून एसटीनं, गुळाची छोटी ढेप आणि घरच्या शेंगा घेऊन. साध्या, कमी बोलणाऱ्या. जेवणं झाली, भडंगाची परात मधे आली आणि खेळ सुरू झाला. विहीणबाईंना काही कळत नव्हतं, तरी त्या लेकीच्या मागं खुर्ची घेऊन बसल्या आणि लेक बोलली की तिच्याकडं बघत राहायच्या. लेकीला असं बोलताना त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल.

गोष्टीत आम्ही एका गढीच्या धान्यकोठारापाशी आलो होतो. अरुंद खोली, एकच दार, आत सात राखणदार आणि मधोमध पेटी. मी म्हटलं, मी दारातनंच जाळते सगळ्यांना. तर सून म्हणाली, म्हणजे चोर म्हणाली, "तुझी आग चुलीपुरती ठेव, म्हातारे. पेटी जळाली तर काय राख वाटून घ्यायची? मी आत जाते, तू दारात गप उभी रहा."

दोस्त टेबलावर थापा मारून हसला. मुलगा हसला. आणि विहीणबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, अगदी हळू, पण हसल्या. ती बाई माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, तिची लेक मला चुलीपुरती ठेव म्हणते म्हणून हसली.

चोर आत गेली. फासा चांगला पडला, राखणदारांना कळलं नाही. ती पेटीपाशी पोचली, कुलपाला हात घातला. मग माझी पाळी आली.

मुलानं विचारलं, काय करतेस. मी म्हटलं, आगीचा गोळा टाकते. कुठं? कोठाराच्या मधोमध. मुलाला वाटलं माझं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "आई, आत ती आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

आता तो मंत्र मला पाठ होता. सुनेच्या अक्षरात, वहीच्या अकराव्या पानावर. गोळा जिथं फुटेल तिथली सगळी जागा आगीनं भरते. ही आग आपला-परका बघत नाही. आत असेल त्यानं फासा टाकून अंग काढून घ्यावं. न टाकल्यास सगळी आग अंगावर. त्या शेवटच्या ओळीखाली तिनं लाल पेनानं रेघ मारली होती, माझ्यासाठी, चुकून आपल्यातलं कुणी जळू नये म्हणून.

दोस्तानं भडंगात हात घातला तो तिथंच ठेवला. मुलगा काही बोलेल असं मला वाटलं. तो मास्तर होता, हे चालणार नाही म्हणू शकला असता. तो म्हणाला, ठीक आहे, आणि सुनेपुढं फासा सरकवला. अंग काढून घ्यायचा फासा. तिची चोर चपळ, सातच्या वर काहीही पडलं असतं तरी वाचली असती.

तिनं फासा उचलला. आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं.

हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. ती चोर असती तर तिनं तो फासा माझ्या तोंडावर टाकला असता. पण तेवढ्या वेळात चोर गेली होती, सून उरली होती. सुनेला सासू मारत होती आणि वाचायचं तर विचारायला पाहिजे होतं. पोळी उलटताना विचारते तशी, हात तसाच अर्धवट उचलून, तिनं विचारलं, "टाकू का, आई?"

मुलगा मोजायला लागला. एक.

मी थांबले. रोज थांबायचे तशीच.

दोन. तीन. दोस्त काहीतरी कानडीत पुटपुटला आणि नियम आठवून गप्प झाला. चार. माझ्याकडं एक नियम होता ना, दुसऱ्याच्या फाशावर बोलायचं नाही. चांगला नियम. मी टाक म्हटलं असतं तर तो मोडला असता. असं मी मनात म्हटलं, तेवढ्यात म्हटलं, बघा माणसाचं डोकं कसं चालतं. ती माझ्याकडं बघत होती, फासा मुठीत. मी भडंगाच्या परातीकडं बघितलं.

पाच.

मुलगा मान खाली घालून कागदावर काहीतरी खोडत राहिला. दोस्तालाच राहवलं नाही. तो म्हणाला, "अव्वा, जाळलासा की हो सुनेला."

विहीणबाई खुर्चीवरनं उठल्या होत्या. त्या काळात आठवड्याआड पेपरात एक तरी बातमी असायची, स्टोव्हचा भडका, विवाहिता भाजली. एसटीत, बाजारात, लग्नात बायका तेच बोलायच्या. लेक दिलेल्या प्रत्येक आईनं ती बातमी स्वतःच्या लेकीचं नाव घालून एकदा तरी वाचलेली असायची. विहीणबाईंनी टेबलाकडं बघितलं, कागद, फासा, परात, आणि मग मला विचारलं, "खेळातच नव्हं?"

"खेळातच की," मी म्हटलं. "बसा, चहा टाकायला सांगते."

सून उठली आणि चहा टाकायला गेली. आधण ठेवू का म्हणून तिनं दारातनं विचारलं. मी लगेच हो म्हटलं. विहीणबाई त्या दिवशी मुक्कामाला राहणार होत्या. त्या साडेपाचच्या गाडीनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात गेले तर सून बंबापाशी उकिडवी बसलेली. करवंट्या आणि शेणी रचून झाल्या होत्या, जाळ धरला होता. हातात तिच्या चोराचा कागद. आठ महिन्यांचा कागद तो, दोन्ही बाजूंनी भरलेला, घडीवर फाटला म्हणून मागनं पट्टी चिकटवलेली. आदल्या दिवशी मला वाटलं होतं ती हा कागद ठेवून घेईल, भांडेल, निदान नवऱ्याशी तरी. तिनं कागद पुढं धरला आणि विचारलं, टाकू का, आई?

या वेळी मी थांबले नाही. टाक, म्हटलं.

मग ती पुन्हा कधी टेबलाशी बसली नाही. मुलानं नवं सोंग घे म्हणून दोनदा सांगितलं, दोस्तानं कुलपं उघडणारी बाई पाहिजे म्हणून हात जोडले. कामं हायत, एवढंच ती म्हणायची. भडंग आणून ठेवायची, चहा आणायची, माझा कप माझ्या उजव्या हाताला. आम्ही तिघं काही महिने खेळलो. कुलूप आलं की मी दार जाळायची, दाराबरोबर आतलं सगळं जळायचं. मग राखेत बसून आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. मी वरच्या पायरीला चढले तेव्हा नवे मंत्र आले, ते सगळे इंग्रजीत. वहीत पुढची पानं कोरी होती. सुनेला लिहून दे म्हणायला माझी जीभ वळली नाही, आणि मी जुन्याच आगीवर भागवलं. पावसाळ्यात दोस्ताची बदली झाली आणि खेळ आपोआप बंद पडला.

त्यानंतरच्या थंडीत, एका सकाळी, मीच बंब पेटवत होते. अंगावर ती गुळगुळीत सिंथेटिक साडी. जाळ खाली वाकून बघायला गेले आणि पदर खाली गेला. पहिल्यांदा काही कळतच नाही. ऊब वाटते नुसती. मग बघितलं तर पदराच्या काठावर निळी रेघ चढत होती, अगदी शांतपणे. त्या कापडाची आग भडकत नाही हो, वितळत वर येते आणि चिकटते.

सून तीन पावलांवर उभी होती. हातात पाण्यानं भरलेली बादली. अंघोळीचं विसण घेऊन आली होती.

तिनं विचारलं, "ओतू का, आई?"

मला सांगता येणार नाही ती किती वेळ थांबली. एक श्वास असेल. मुलाच्या मोजणीनं दोन असेल, तीन असेल. मी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काही नव्हतं. पळी धरून उभी राहायची तसाच चेहरा. माझ्या तोंडातनं ओत निघालं की नुसती किंकाळी, ते मला माहीत नाही. बादली अंगावर आली. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत साडी चिकटली होती, ती सोडवताना कातडं तिच्याबरोबर आलं.

दीड महिना तिनं माझा हात बघितला. मलम, पट्टी, रोज दोनदा, फुंकर घालत. मुलगासुद्धा एवढं करणार नाही. एक दिवस पट्टी बांधत असताना मी विचारलं, तू त्या दिवशी मुद्दाम विचारलंस का गं?

तिनं गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं, कात्री डब्यात ठेवली.

"सवय हाय, आई," ती म्हणाली.

मी म्हटलं, यापुढं मला विचारत जाऊ नकोस. घर तुझं आहे, तुला वाटेल ते कर. ती बरं म्हणाली. मला वाटलं सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं पातेलं हातात धरून ती माझ्यापुढं उभी. दूध तापवू का, आई? मी म्हटलं, अगं, काल काय सांगितलं? बरं, म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.

आता नात गाडी चालवायच्या वयाची झाली, मुलाचे केस पांढरे झाले, गॅस जाऊन ती विजेची शेगडी आली. अकराव्या पानावर लाल रेघ असलेली ती वही माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. सून अजून विचारते. मीठ घालू का, बटण दाबू का, डॉक्टरला फोन लावू का. मी हल्ली तिचं वाक्य पुरं होऊ देत नाही. ती "आई" म्हणते आणि मी हो म्हणून मोकळी होते, काय विचारणार होती ते कळायच्या आत.